अहो, अरे आणि मार्चेल्लोचे बाबा: एका युद्धपटाच्या मराठी सबटायटल्सचं प्रकरण

खेळाच्या आठ दिवस आधी चाचणी म्हणून आम्ही ओळखीतल्या दहा-बारा जणांना गंगापूर रोडवरच्या एका घरी बोलावलं आणि हॉलच्या भिंतीवर सिनेमा लावला. पहिला अर्धा तास बरा गेला. पुढे एका प्रसंगात लहानगा मार्चेल्लो खाटेवर बसून आईच्या होणाऱ्या नवऱ्याला विचारतो, उद्यापासून तुम्हाला बाबा म्हणायचं का? समोर बसलेली सातवीतली मुलगी मागे वळून म्हणाली, "पण मघाशी त्याची आई ह्यांना मार्चेल्लोचे बाबाच म्हणाली ना? मग हा आता काय विचारतोय?"

कुणीतरी हसलं. आमच्या पाच जणांपैकी कुणी हसलं नाही. मुलगी बरोबर होती आणि सात आठवड्यांचं काम चुकलं होतं. कुठे चुकलं, कसं कळलं आणि काय केलं, ते मांडून ठेवतो. परक्या भाषेतला सिनेमा मराठीत आणायच्या भानगडीत आणखी कुणी पडलं तर उपयोगी पडेल.

सिनेमा आणि त्याचं शहर

सिनेमा म्हणजे रोबेर्तो रोसेलिनीचा १९४५ सालचा 'रोमा चित्ता आपेर्ता'. जर्मन लष्कराच्या ताब्यातलं रोम, आणि त्या शहरात राहणारी साधी माणसं. इटलीनं शरणागती जाहीर केली ८ सप्टेंबर १९४३ ला. दोन-तीन दिवसांत जर्मनांनी रोम घेतलं, ते ४ जून १९४४ पर्यंत त्यांच्याच हातात होतं. त्या नऊ महिन्यांची ही गोष्ट. चित्रीकरण सुरू झालं जानेवारी १९४५ मध्ये. तेव्हा रोम मोकळं झालेलं होतं, पण इटलीच्या उत्तरेत लढाई चालूच होती. सरकारी स्टुडिओ वापरता येत नव्हता, कच्च्या फिल्मचा तुटवडा होता, आणि संवाद नंतर वेगळे भरले गेले. सबटायटल करणाऱ्यानं ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवलेली बरी, कारण ओठ आणि आवाज जागोजागी जुळत नाहीत. ओठ बघून वेळ लावायला गेलात तर फसता. कानावर भरवसा ठेवायचा.

आपल्याकडे हा सिनेमा १९५२ साली मुंबईत भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला होता. नाशकात कधी दाखवला असेल तर इंग्रजी सबटायटल्सवरच. आमचा हट्ट एवढाच होता की ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही, किंवा येतं पण पळत्या अक्षरांमागे धावता येत नाही, त्यांनी तो पाहावा. आमच्या आया, सासवा, कामावरचे सोबती, हौशी नाटकवाले.

नावापासूनच अडलं. 'चित्ता आपेर्ता', म्हणजे इंग्रजीत 'ओपन सिटी', ही युद्धाच्या कायद्यातली संज्ञा. आम्ही ह्या शहराचं रक्षण करणार नाही, तेव्हा बॉम्ब टाकू नका, असं शत्रूला सांगणं. इटालियन सरकारनं रोमबाबत ते १४ ऑगस्ट १९४३ ला जाहीर केलं आणि महिन्याभरात शहर शत्रूच्या बुटाखाली गेलं. 'खुलं शहर' लिहिलं तर पर्यटन खात्याची जाहिरात वाटते. 'असंरक्षित' म्हटलं की सरकारी परिपत्रक. शेवटी 'रोम: उघडं शहर' ठेवलं. उघडं म्हणजे नागडं वाटेल, असा एक आक्षेप आला. वाटू दे म्हटलं. उघडं दार, उघडं अंग, उघड्यावर पडलेला संसार, हे सगळं त्या सिनेमात आहे.

काही शब्द मात्र आयते मिळाले. 'भूमिगत' हा त्यातला एक. बेचाळीसच्या चळवळीनं तो मराठीत असा रुजवलाय की ऐंशीच्या घरातल्या माणसालाही समजावून द्यावा लागत नाही. 'संचारबंदी' तर अलीकडे शाळकरी मुलांनाही पाठ झाली. 'अटक केली' ऐवजी 'उचललं' लिहिलं, आणि पुष्कळ ठिकाणी नुसतं 'नेलं'. कुणी नेलं ते आपण बोलताना सांगत नाही. स्थानिक शिपाईगडी 'हवालदार' झाला. बेकरी लुटून आलेल्या बायकांच्या पावावर त्याचाही डोळा असतो, त्यामुळे हा शब्द त्याला फारच शोभला. चर्चमधल्या सेवेकऱ्याला 'गुरव' करायचा मोह एकाला झाला होता, तो आम्ही वेळीच आवरला. पाद्र्याला काय म्हणायचं ह्यावरही घोळ झाला. शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीमुळे नाशिकला मराठी ख्रिस्ती माणूस परका नाही, पण इथे कानावरचा शब्द 'पाळक' आणि तो प्रॉटेस्टंटांचा. सिनेमातला पाद्री पिएत्रो कॅथलिक. तेव्हा 'फादर'.

एकच 'यू'

आता चुकीकडे येतो.

सिनेमा साधारण शंभर मिनिटांचा आणि आम्ही पाच जण. प्रत्येकी वीस मिनिटं, असा हिशेब सोपा होता. निवृत्त शिक्षिका बाई, प्रेसमधून निवृत्त झालेले काका (नाशकात नुसतं 'प्रेस' म्हटलं की नोटा आणि तिकिटं छापणारं, नाशिकरोडचं), हौशी रंगभूमीवर काम करणारी एक जण, इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आणि मी. इंग्रजी सबटायटल्सची फाईल समोर ठेवून मराठी करायचं ठरलं. इटालियन कुणालाच येत नव्हतं.

इंग्रजीत 'यू' एकच. बायको नवऱ्याला म्हणते तेही, पोरगं फादरला म्हणतं तेही आणि गेस्टापोचा, म्हणजे जर्मन गुप्त पोलिसांचा, मेजर कैद्याला म्हणतो तेही. मराठीत तू, तुम्ही, आपण आहे. त्यात अरे, अगं, अहो, शिवाय अनेकवचनी क्रियापद आणि नावाला लागणारे काका-मावशी आहेत. म्हणजे इंग्रजीतून मराठीत येताना प्रत्येक वाक्याला अनुवादकाला एक नातं ठरवावं लागतं, आणि ते आपण ठरवतोय हे त्याला कळतही नाही. आपापल्या वीस मिनिटांत पाचही जणांनी ते ठरवलं. पाच तऱ्हांनी.

पहिली वीस मिनिटं बाईंची. पीना ही विधवा, पदरी मुलगा, पोटात दुसरं मूल, आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात काम करणाऱ्या फ्रांसेस्कोशी लग्न. १९४४ सालची, कामकरी वस्तीतली बाई. बाईंनी तिच्या तोंडी 'अहो' घातलं, आणि तिसऱ्या माणसाशी बोलताना फ्रांसेस्कोचा उल्लेख आला तिथे 'मार्चेल्लोचे बाबा'. पडद्यातून 'फ्रांसेस्को' हे नाव खणखणीत ऐकू येतंय आणि खाली अक्षरं 'मार्चेल्लोचे बाबा' अशी उमटतायत. वाचताना हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण वाचताना आवाज बंद होता. हे कबूल करताना आजही कान गरम होतात.

पुढची वीस मिनिटं नाटकवालीची. तिच्या पीनाचं फ्रांसेस्कोशी अरे-तुरे. तिसऱ्या भागात, म्हणजे माझ्या, कुठे अहो कुठे अरे; मूड लागेल तसं. विद्यार्थ्याच्या भागात सगळे सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत होते, भूमिगत मित्र एकमेकांनासुद्धा, जणू बँकेतले सहकारी. आणि प्रेसकाकांचा जर्मन मेजर कैद्यांना 'ए' म्हणून हाक मारत होता. हिंदी सिनेमातला दारोगा.

एकेका भागात हे खपून जात होतं. सलग पाहिल्यावर ती माणसं दर वीस मिनिटांनी बदलत होती. त्या मुलीला फक्त एक सांधा दिसला, आम्हाला मग सगळेच दिसायला लागले.

बाईंचं म्हणणं

चाचणीच्या रात्रीच बसलो. बाई नमणाऱ्यातल्या नव्हेत. त्या म्हणाल्या, "चव्वेचाळीस सालची बाई नवऱ्याचं नाव घेईल? मी चाळीस वर्षं संसार केला, ह्यांचं नाव घेतलं ते उखाण्यात. ह्यांना हाक मारायची तर भांडं वाजवायचे."

नाटकवाली वेगळ्याच कारणानं बाईंच्या बाजूला गेली. सिनेमाच्या मध्यावर फ्रांसेस्कोला पकडून ट्रकमधून नेतात. पीना शिपायांच्या हातून सुटते आणि त्याचं नाव ओरडत ट्रकमागे धावते. गोळी लागते, ती रस्त्यात पडते. तो तिच्या लग्नाचा दिवस आहे. नाटकवालीचं म्हणणं असं की तोवर सगळीकडे 'अहो' ठेवलं तर ही हाक मराठी माणसाच्या अंगावर येईल. जिनं कधी नाव घेतलं नाही ती भर रस्त्यात नाव ओरडते.

कल्पना मोठी मोहाची होती. मी जवळजवळ हो म्हटलं होतं.

प्रेसकाकांनी मोडता घातला. "ती आधीपासून नाव घेतेय. ऐकू येतंय. लोक बहिरे आहेत का?"

त्यावर उत्तर नव्हतं. छापलेल्या पुस्तकात अनुवादकाला थोडी लबाडी करता येते, सबटायटलमध्ये मूळ सतत कानावर असतं. माणसाचं नाव कुठल्याही भाषेत कळतं. आणि खरं सांगायचं तर 'अहो'ची पीना आम्ही नाशिकच्या वाड्यातून नेऊन रोमच्या जिन्यावर बसवली होती. ती बाई बेकरीवर धावून जाणारी, जर्मनांच्या तोंडावर बोलणारी, लग्नाआधी पोटुशी असल्याचं फादरपासून न लपवणारी. तिला तिच्या माणसाशी बरोबरीनं बोलू न देणं म्हणजे तिचं चरित्र बदलणं. बाईंना हे पटलं असं म्हणणार नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "करा काय ते."

ही पीना कल्पनेतून आलेली नाही, हेही तिथे निघालं. तेरेसा गुल्लाचे नावाची पाच मुलांची आई, पुन्हा गरोदर, ३ मार्च १९४४ ला रोममधल्या एका बराकीसमोर जर्मन सैनिकाच्या गोळीनं मेली. तिच्या नवऱ्याला धरपकडीत पकडून तिथे ठेवलं होतं. फादरमागेही दोन खरे धर्मगुरू आहेत. जुझेप्पे मोरोझिनी ह्यांना ३ एप्रिल १९४४ ला गोळ्या घातल्या. पिएत्रो पाप्पागाल्लो २४ मार्चला आर्देआतिनेच्या खाणींत मारलेल्या ३३५ जणांपैकी एक.

भिंतीवरचा तक्ता

विद्यार्थ्याच्या ओळखीत इटालियन शिकलेली एक मुलगी होती. तिला दोन संध्याकाळी बसवलं. काम एकच: कुठे 'तू' आहे, कुठे आदराचं, तेवढी खूण फाईलमध्ये करायची. अर्थ विचारायचा नाही. तिनं जाता जाता एक गोष्ट सांगितली, तिच्यावर आम्ही अर्धा तास घालवला. इटालियनमध्ये आदरार्थी सर्वनामं दोन आहेत, 'लेई' आणि 'वोई'. मुसोलिनीच्या राजवटीनं १९३८ साली 'लेई' परकं आणि गुलामी वृत्तीचं ठरवून 'वोई'च वापरा असा आग्रह धरला. सर्वनामावर फतवा! म्हणजे १९४५ च्या प्रेक्षकाला कोण कुणाला काय म्हणतं हे आपल्याइतकंच, कदाचित जास्तच, टोचत असणार.

मग बाईंच्याच हॉलमध्ये जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता काढला. आडवी नावं, उभी नावं, मधल्या चौकटीत कोण कुणाला काय म्हणतं. एक चौकट एकदा भरली की कुणाच्याही वीस मिनिटांत तेच चालायचं. बदल करायचा तो मुलीची खूण असेल तिथेच. हे काम पहिल्या दिवशी, पहिली ओळ लिहायच्या आधी व्हायला हवं होतं. नाटकाच्या पहिल्या वाचनाला दिग्दर्शक हेच करतो. आमच्यात नाटकवाली असून आम्हाला सुचलं नाही.

सगळ्यात जास्त वेळ मेजर बेर्गमानच्या रांगेनं खाल्ला. हा जर्मन अधिकारी इटालियन अस्खलित बोलतो. आवाज चढवायची त्याला फारशी गरज पडत नाही, कारण शेजारच्या खोलीत छळ चालू असतो. प्रेसकाकांचा 'ए' पुसून तिथे काय घालायचं? 'तुम्ही' चाललं असतं. आम्ही फादरशी बोलताना त्याला 'आपण' दिलं. आपण बसावं, आपण विचार करावा. एकदा वाचून पाहिलं आणि खोली गार झाली. शिवी देणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस मनात उलट शिवी देतो. 'आपण' म्हणणाऱ्याला काय देणार?

इथे विद्यार्थी म्हणाला, असा साहेब आपल्याकडेही होऊन गेला की. त्याचा रोख कलेक्टर जॅक्सनवर. संस्कृतचा अभ्यासक, मराठी जाणणारा. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळ्या घातल्या, तेव्हा तो मराठी नाटकालाच आला होता. वाद तासभर चालला. माझं मत असं की कलेक्टर आणि गेस्टापोचा मेजर एका मापानं मोजता येत नाहीत. तुलना ताणली की तुटते. पण राज्य करणारा आपली भाषा आपल्यापेक्षा नीटस बोलायला लागला की ऐकणाऱ्याची जी अडचण होते, ती नाशिकला नवी नाही, एवढं त्याचं खरं.

आणि मार्चेल्लो. 'मार्चेल्लोचे बाबा' सगळीकडून काढलं. आता खाटेवरच्या त्या प्रश्नापर्यंत फायलीत 'बाबा' हा शब्दच नाही. पुढे आई गेल्यावर फ्रांसेस्को शहर सोडून निघतो, तेव्हा पोरगं धावत येऊन आईचा रुमाल त्याच्या हातात देतं. त्या मिठीत तो मागे राहतो, पुढे गेलेले पकडले जातात आणि हा वाचतो. तिथे हाक येते, 'बाबा'. एक शब्द, दोन अक्षरं. तो कमवायला आम्हाला पहिल्या पन्नास मिनिटांतल्या सात ओळी बदलाव्या लागल्या.

शेवटचा निर्णय ट्रकच्या प्रसंगाचा. फायलीत दोन ओळी होत्या, 'फ्रांसेस्को! फ्रांसेस्को!' प्रेसकाका म्हणाले, काढा. ती धावत असताना लोकांनी खाली बघायचं नाही. आयुष्यभर मजकूर छापलेल्या माणसानं कोरी जागा मागितली. दिली.

खेळाच्या दिवशी

पंचवटीतलं छोटं सभागृह, तिकीट नाही, नंतर चहा-चिवडा. तांत्रिक फजिती झालीच. तिथल्या लॅपटॉपवर देवनागरीची जोडाक्षरं फुटली, फ्रांसेस्कोचे चार तुकडे झाले. आम्ही आदल्या रात्री अक्षरं चित्रातच पक्की करून दुसरी फाईल पेनड्राइव्हवर ठेवली होती म्हणून वाचलो.

पावाच्या रांगेचा प्रसंग आला तशा सभागृहातल्या बायका लगेच बोलायला लागल्या. मागच्या रांगेतून 'मिलो' हा शब्द दोनदा ऐकला. बहात्तरच्या दुष्काळातली ती रेशनची लाल ज्वारी. पोरं पेट्रोलची गाडी उडवून घरी परततात आणि उशीर झाला म्हणून आईबापांच्या थपडा खातात, तिथे सभागृह हसून लोटपोट. झडतीच्या वेळी अंथरुणावरचा म्हातारा गप्प बसेना, आणि फादर मरणाऱ्याला तेल लावण्याचं सोंग करत असतात. म्हाताऱ्याला तव्यानं गप्प केलेलं कळतं तेव्हा तर टाळ्या. फादर झालेला आल्दो फाब्रिझी आणि पीना झालेली आना मान्यानी हे दोघं हसवणारे नट म्हणूनच रोमला माहीत होते. अशोक सराफांना अंगरखा घालून वधस्तंभाशी नेल्यासारखं ते तिथल्या लोकांना झालं असेल.

तव्याचं हसू पुरतं ओसरलेलं नसताना ट्रक येतो.

पडद्याच्या तळाशी काही नव्हतं. ती धावली, ओरडली, पडली. पोरगं तिच्यावर कोसळलं. कुणाची तरी खुर्ची करकरली तेवढीच. सिनेमा पुढे तितकाच राहिला होता, लोक तो शेवटपर्यंत बघत राहिले. फादरच्या शेवटाला पुढच्या रांगेतला एक जण उठून बाहेर जाऊन उभा राहिला, मग परत आला.

चहाच्या वेळी तिवंध्याकडून आलेल्या एक आजी बाईंच्या शेजारी बसल्या होत्या. वय पंच्याऐंशीच्या पुढचं, आमच्या तक्त्याची, भांडणांची त्यांना काही कल्पना नाही. बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, "लग्नाच्या दिवशी नाव घेतलं हो पोरीनं. केवढ्यांदा घेतलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चिवड्याची बशी पुढे केली.